टुरिंगमधून सुटलो!

माझ्या फटफटीला दोन बैल होते.

कारखान्यातून ती बैलांसकट आली नव्हती, हे सांगून ठेवतो. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती मला देऊन गेला. (जाताना तो हसत का होता, हे मला फार उशिरा कळलं!) तेव्हा रेवदंड्यापासून अलिबागेपर्यंत फटफटी असलेला शेतकरी मी एकटा. शिक्षण मराठी दुसरी. तिसरीत मास्तरांचं नि माझं पटलं नाही, तेव्हा मीच त्यांना सोडलं. पण फटफटीवर बसलो की मामलेदारसुद्धा वळून बघायचा. वळायलाच लागायचं, कारण आवाज असा, की नागावला सुरू केली तर चौलातल्या कोंबड्या खुराड्यात शिरायच्या.

पण ती म्हातारी झाली. चढावर दम लागायचा, उतारावर ब्रेक लागायचा नाही. मग रस्त्यात कुठेतरी "फट... फट... फुस्स" करून बसायची. तिला ओढून आणायला आमचा गडी गोमा मोऱ्या आणि सरदार ही जोडी घेऊन यायचा. असं इतक्यांदा झालं, की बैलांना समजायला लागलं. फटफटीचा आवाज मधेच थांबला की दोघे गोठ्यात रवंथ टाकून उठून उभे राहायचे! गोमा म्हणायचा, "तात्या, बैलांस्नी तुमची जास्त काळजी. मला तर झोप लागलेली."

हेही चाललं असतं. पण आमची यमू, एकुलती एक लेक, अलिबागेला दिलेली, तिचं डोहाळजेवण आलं.

व्याही माझे कोर्टात बेलीफ. माणूस बरा, पण बोलताना समन्स बजावल्यासारखा बोलणार. विहीणबाई त्यांच्यावर वरिष्ठ. जेवणाच्या दिवशी घरच्यांना गोमाबरोबर बैलगाडीतून पुढे धाडून मी ऐटीत निघालो आणि त्यांच्या आळीच्या तोंडाशीच "फुस्स". सगळे पाहुणे ओटीवर उभे, आणि मी बैलांमागून दोरीला बांधलेला आत येतोय!

"काय व्याही," बेलीफसाहेब म्हणाले, "तुमची फटफटी पेट्रोल खाते की पेंढा?"

आळी हसली. हसली तर हसली, पण विहीणबाईंनी वर तुकडा टाकला, "बाळंतपणासाठी यमूला माहेरी धाडायची, ती ह्याच्यावरून न्हेणार? मी न्हाय धाडायची बाई!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आमची मंडळी (माझी बायको हो, नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही) मागून माझा सदरा ओढत होती. तरी मी सगळ्यांदेखत उभा राहून म्हणालो, "ऐका! माझ्या लेकीला मी नेईन तर माझ्या गाडीतून नेईन! नाहीतर नेणारच नाही!"

यमू रडायला लागली. पहिलं बाळंतपण, पोरीचा सगळा जीव आईकडे. आमच्या मंडळींनी घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर उघडलं.

"तुमच्या तोंडापायी माझी लेक परक्या घरी बाळंत झाली," ती म्हणाली, "तर ह्या घरात तुम्ही नि तुमचे बैल राहा!"

म्हातारी फटफटी काढून नवी, सोयीची गाडी घेणं भागच होतं.

मुंबईला ओळखीचा एक पारशी बाबा होता. त्याच्याकडे गाडी बघितली आणि जीव थंड झाला. काळी कुळकुळीत, लांब-रुंद, मागे सामान बांधायला जागा, आणि डाव्या बाजूला गादीची बैठक, वेगळ्या चाकावर, अगदी होडीसारखी!

"आ तो टुरिंग छे, तात्या!" बाबा म्हणाला. "लांब जावाची! आवाज नाय, धक्का नाय. पोटातला पाणी हालशे नाय!"

"पोटातलं पोर?" मी विचारलं.

"ते बी नाय!"

झालं! मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, घालून टुरिंग रेवसला उतरवली आणि गावात आणली. शब्द नवा होता म्हणून मी तो सगळ्यांना शिकवला. "टुरिंग म्हणायचं, टुरिंग." गावाने शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका म्हणत होत्या, "तात्यांनी तुरुंग आणला." बाजूच्या बैठकीचं तर नावच पडलं 'पाळणा'. आमची मंडळी पाळण्यात बसून बघते तर मापाची! शिवाय बाजू डावी, म्हणजे लग्नात बायकोची असते तीच. "एवढं तरी शास्त्राला धरून केलंत," ती म्हणाली. सबंध लग्नात मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

गाडीत वाईट एकच. आवाज नाही! रस्त्यात कोणी बाजूलाच होईना. जुनीचा आवाज ऐकून माणसं, म्हशी, कोंबड्या, सगळं आपोआप बाजूला व्हायचं. आता मीच तोंडाने ओरडत जायचो, "ओ, सरका! मागं टुरिंग हाय!" आणि मोऱ्या-सरदार? आवाज येत नाही म्हणजे गाडी बंदच पडली, असं धरून ते दिवसभर उभे!

यमूला आणायचा गुरुवार ठरला. आदल्या दिवशी मी गोमाला अलिबागेला धाडला. निरोप चारदा पाठ करून घेतला: "तात्यांनी टुरिंग घेतली, तात्या टुरिंगमधून गुरुवारी सुटतील."

गोमाने निरोप सांगितला. इमानदार माणूस, एक शब्द गाळला नाही. फक्त आपल्या जिभेने सांगितला.

"तात्यांनी तुरुंग घेतला. तात्या तुरुंगातून गुरुवारी सुटतील."

आता तुम्हीच सांगा. कोर्टाच्या बेलीफाच्या दारात उभं राहून कोणी असं सांगितलं, तर त्यात चूक कोणाची? विहीणबाई मटकन खाली बसल्या. बेलीफसाहेब टोपी घालून थेट तुरुंगाकडे गेले आणि शिपायाला हळूच विचारू लागले, "आमचे एक पाहुणे आत असतील. चौलचे. गुन्हा काय केला, तेवढं कळेल का?"

मला यातलं काहीच ठाऊक नाही. गुरुवारी सकाळी मी फेटा बांधून, मंडळींना पाळण्यात बसवून, टेचात निघालो. मागून गोमा बैलगाडी घेऊन.

"तू कशाला?" मी ओरडलो.

"सवय हाय, तात्या. बैल ऐकंना."

टुरिंग एकदाही थांबली नाही. चढ चढली, उतार उतरली. आयुष्यात पहिल्यांदा मी अलिबागेत बैलांच्या आधी पोचलो! आळीत शिरलो तर सगळीकडे शांत. बायका दारं लावून फटीतून बघतायत. यमू ओटीवरून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली.

"तात्या, मारलं न्हाय ना तुम्हाला?"

"कोणी?"

"तुरुंगात!"

विहीणबाई लांबूनच म्हणाल्या, "सुटलात ते बरं झालं. पण आधी आंघोळ करा, मग घरात या."

उलगडा होईपर्यंत गोमाही पोचला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. गोमा म्हणाला, "मंग? तुरुंगच म्हनलो की मी!"

टोपी काढून बेलीफसाहेब नुसते घाम पुसत राहिले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बरं, ही बाजूची काय?" विहीणबाईंनी गाडीकडे बोट केलं.

"पाळणा!" गोमा बोलून गेला. (मी त्याचा गळा का नाही दाबला, देव जाणे!)

"अगं बाई! पोर जन्माला यायच्या आधी पाळणा दारात? अपशकुन! अन् गादी कोरी दिसत न्हाय, कुणी बसून आलंय त्यात!"

"मी," आमची मंडळी म्हणाली. "बघा विहीणबाई, हलली का माझी एक तरी बांगडी?"

विहीणबाई जरा नरमल्या. "असं म्हणता? मग आधी आमच्या देखत रिकामी फिरवून दाखवा. पटलं तर धाडीन सुनेला."

यमूने पदर तोंडात धरून माझ्याकडे बघितलं. तिचं माहेर आता माझ्या एका फेरीवर टांगलेलं. मी फेटा घट्ट केला आणि निघालो.

एक गोष्ट पारशी बाबाने सांगितली नव्हती. पाळण्यात वजन असेल तोवर ती गाडी गाय. रिकामा असला नि डावीकडे वळलात, की पाळणा उचलतो! माझ्या पाळण्यात आजवर आधी मुंबईचं सामान, मग आमची मंडळी होती. तिच्या वजनाबद्दल मी काही बोलणार नाही, पण ती बसली असताना भूकंपसुद्धा तो पाळणा उचलू शकला नसता.

आळीच्या टोकाला मी डावीकडे वळलो. पाळणा वर! मी डावीकडे वळवायला जातो, गाडी उजवीकडे जाते. मी तिला "हो हो, बास बास" म्हणायला लागलो. घाबरल्यावर माणूस बैलांच्याच भाषेत बोलतो! समोर व्याह्यांचं काट्याकुट्यांचं कुंपण, म्हणजे वई, वईच्या पलीकडे केळी. वई मोडून टुरिंग केळीत शिरली, आणि तिथे, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिने आवाज केला.

"फुस्स."

आणि गाडीला जुंपलेले मोऱ्या-सरदार कोणी हाकलं नसताना चालत निघाले, आले, आणि केळीच्या बागेशी माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले.

मी केळीच्या पानाखाली पडून होतो. उजवं मनगट सुजलं होतं. खरं सांगतो, तेव्हा मला उठायचंच नव्हतं. वाटलं, इथेच खत होऊन जावं, निदान पुढच्या सालच्या केळीला तरी माझा उपयोग होईल. सगळ्यांदेखत तोंडाने बोललो होतो ते गेलं, फेटा गेला, गाडी गेली. आणि ओटीवर यमू. आता ती रडतही नव्हती. तिथेच बसून आपलं बांधलेलं बोचकं सोडत होती. ते मला बघवेना.

"व्याही," बेलीफसाहेब समन्स बजावल्यासारखे म्हणाले, "तुमचाच शब्द हाय. 'माझ्या गाडीतून, नाहीतर नेणारच नाही.'"

मी केळीचं पान बाजूला सारून कसाबसा उठलो.

तेवढ्यात आमची मंडळी पुढे झाली. पदर खोचला. "व्हय, हाच शब्द. माझ्या कानांनी ऐकलाय. गोमा, ही बैलगाडी कुणाची?"

"तात्यांची."

"बैल कुणाचे?"

"तात्यांचे."

"मग 'माझ्या गाडीतून' म्हंजे ह्याच! टुरिंगचं नाव ह्यांनी त्या दिवशी घेतलंच न्हाय. सांगा बेलीफसाहेब, कायद्यात बसतं का न्हाय?"

बेलीफसाहेबांनी बराच विचार केला. "बसतं," ते म्हणाले.

"मंग यमूलाबी बसवा!" विहीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

बैलगाडीत पेंढा, पेंढ्यावर गोधड्या, गोधड्यांवर यमू, हसून हसून लाल झालेली. टुरिंग मागे दोरीने बांधली. आता तिचा दांडा कोणी धरायचा? गोमा बैल हाकणार. माझा हात गळ्यात बांधलेला. आमच्या मंडळींनी इकडे-तिकडे बघितलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि टांग टाकून खोगिरावर बसली.

"मग मी?" मी विचारलं.

तिने पाळण्याकडे मान उडवली. "बसा. वजन पायजे त्यात. न्हायतर उचलतो."

मी बसलो. डाव्या अंगाला.

आक्षी गेलं, नागाव गेलं. चौलात येईपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. (आमच्या गावात गाडी लागत नाही ती फक्त बातमीला!) वाडीच्या वळणावर सगळा गाव उभा. बायका दोन्ही बाजूंनी रस्ता अडवून म्हणाल्या, "तात्या! डाव्या अंगाला बसून कोण येतं? नवरी! नवरीने नाव घेतल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय! घ्या नाव!"

मी आमच्या मंडळींकडे बघितलं. ती समोर बैलांकडे बघत होती, पण ओठ हलत होते. गाडीतून यमू म्हणाली, "घ्या हो तात्या. माझी कंबर धरली इथं."

लेकीसाठी एवढं केलं, हेही करावं म्हटलं. आख्ख्या संसारात कधी घेतलं नव्हतं ते नाव मी घेतलं:

"पुढे बैल, मधी लेक, मागे टुरिंग गाडी,
भागीरथीच्या डाव्या अंगाला बसून पोचलो वाडी!"

"ऐकू आलं न्हाय!" बायका ओरडल्या. "परत!"

बिनआवाजाची गाडी घेतल्याचा पस्तावा मला तेव्हा खरा झाला. ती आमची जुनी फटफटी असती, तर तिच्या आवाजात माझी लाज झाकून गेली असती! पण टुरिंग गप्प. मग काय करणार? घसा खाकरला, आणि नागावपर्यंतच्या कोंबड्या खुराड्यात शिरतील एवढ्या आवाजात परत एकदा घेतलं.

मोऱ्या आणि सरदार मात्र माझा आवाज थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत. थांबला, तसे लगेच ओढायला लागले.