बंडीवरची पाच बोटे

जुन्नरच्या शाळेतले आमचे शास्त्राचे गुरुजी नसते, तर मी पदवीधर झालो नसतो आणि फौजदारही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणाला सही करता येत नव्हती. गुरुजींनी मला दोन वर्षे आपल्या घरी ठेवून घेतले. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. एकदा त्यांनी त्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला. मला काही दिसेना. मग लाल शाईचा थेंब सोडला, तेव्हा विटांसारख्या पेशी उभ्या राहिल्या. "त्या आधीपासून तिथेच होत्या," गुरुजी म्हणाले.

पुढे घोडेगावला असताना जी घटना घडली, ती या वाक्यासकट मनात राहिली आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. हिवतापाचा अभ्यास करणारी एक तुकडी डोंगराकडच्या गावाबाहेर तंबू ठोकून होती. डास पकडायचे, त्यांच्यावर एक पूड उडवून सोडायचे आणि पुन्हा पकडून ते किती लांब गेले ते पाहायचे, असे त्यांचे काम. ती पूड एरवी पिठासारखी दिसे, पण बॅटरीवरच्या एका खास जांभळ्या दिव्याखाली हिरवीगार पेटे.

तुकडीतला डास पकडणारा जुन्नरचा, हातकागद करणाऱ्या मुसलमान घराण्यातला. उजाडताना तो गोठ्यांत शिरे आणि तोंडात धरलेल्या काचेच्या नळीने भिंतीवरचे डास अलगद ओढून घेई. एक दिवस पूड लावलेल्या डासांचा पिंजरा घेऊन गेला, तो परतलाच नाही. हंगामी माणसे अशी निघून जातात. मी ठाण्याच्या डायरीत 'नोकरी सोडून गेला असावा' असे लिहिले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. मी तेच तिला सांगितले.

"त्यांची चप्पल तंबूत हाये, साहेब," ती म्हणाली. "गोठ्यात जाताना काढून ठेवायचे. पळणारा मानूस अनवाणी पळंल व्हय? तुमी लिवून मोकळे झाले. मी घरी जाऊन काय सांगू?"

मी डायरी पुन्हा उघडून ती ओळ पाहिली.

त्याच दुपारी त्या गावचे पोलीस पाटील आले. खालच्या आवाजात म्हणाले, "वरच्या आळीत एकाची गाय आटलीया. त्यो म्हनतो, नळीवाल्यानं तिचं सत्त्व वडून नेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडीच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन त्या घरी गेलो. गाईचा मालक, घरचा कारभारी, दारातच उभा होता.

"राम राम, कारभारी. जनावरं किती?"

"चार. त्यो नळीवाला हिकडं आलाच न्हाई, साहेब."

मी नळीवाल्याचे नाव काढलेच नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस बहुधा त्याच प्रश्नाबरोबर झोपलेला आणि उठलेला असतो.

दोन पंच बोलावून गोठ्याची झडती घेतली. माळा छपरापर्यंत पेंढ्याने भरलेला; वरवर पाहून काही मिळाले नाही. "शेणाबिगर काय घावनार न्हाई, राव," एक पंच हसला.

डॉक्टरांनी दार लावून घ्यायला सांगितले. फटींत पेंढा कोंबला. भर सकाळी आत काळोख झाला. त्यांनी तो जांभळा दिवा लावला.

दाराजवळच्या खांबावर हिरवा पंजा उमटला. दुसरा गव्हाणीच्या कडेवर. तिसरा माळ्याच्या शिडीवर, आणि तिथून बोटे खाली घसरत आली होती. मघाचा पंच देवाचे नाव घेऊ लागला. गाय शांतपणे रवंथ करत होती, आणि तिच्या पाठीवरही एक हात होता.

डॉक्टरांनी दिवा कारभाऱ्याकडे वळवला. त्याच्या बंडीच्या बाहीवर पाच बोटे होती. घट्ट धरलेली.

त्याने खाली पाहिले आणि बाही झटकू लागला. पूड त्याच्याच तळव्यांना लागली, तळवेही पेटले. "काढा वो! ह्यो हात काढा माझ्यावरचा!"

डॉक्टरांनी दिवा वर उचलला, तर माळ्यावरच्या पेंढ्यातून हिरव्या ठिणग्या उठल्या. दहा-बारा असतील. घिरट्या घालून पुन्हा तिथेच बसल्या. सोडायला नेलेले डास होते ते. ज्याचे रक्त मिळत होते, त्याच्याजवळ थांबले होते.

पेंढा उपसला. नळीवाला त्याखाली बांधलेला होता, तापाने फणफणलेला, पण जिवंत.

"नळी हिसकावली, तर त्यो लटलटा कापाया लागला," कारभारी रडत सांगू लागला. "वाटलं, गाईचं वडलेलं सत्त्व आता माझ्यात घालतोय. सोडायचं लई भ्या वाटलं. काठीला तांब्या बांधून लांबून पानी पाजत व्हतो."

हिवतापाची थंडी भरली होती त्याला, दुसरे काही नाही. कारभाऱ्याला अटक केली. पुढे नोकरीत अट्टल गुन्हेगार पुष्कळ पाहिले, पण भ्यालेल्या माणसाइतके क्रूर थोडेच. आणि घाईने लिहिलेल्या ओळीमागे कोणी जिवंत माणूस गाडला जातो, हे त्या पेंढ्याने मला शिकवले.

तुकडी निघण्याआधी मी गुरुजींना पत्र लिहिले. ते असे:

"ती. गुरुजींस सा. न. वि. वि.

तुम्ही शाईचा थेंब सोडला होता, तसा इथे एका डॉक्टरांनी दिवा धरला. माणूस वाचला. त्याची बायको त्याला घेऊन जुन्नरला गेली. सगळे मला शाबासकी देतात. पण मी आधी तिला तो पळाला असे सांगितले होते. तो तेव्हा माळ्यावरच होता, गुरुजी. डायरीतली ती ओळ मी खोडलेली नाही.

त्याला उचलताना माझ्याही हातांना पूड लागली. चार दिवस हात धुतो आहे. आज डॉक्टरांच्या दिव्याखाली धरून पाहिले. नखांच्या कडेला अजून हिरवे आहे.

आपला विद्यार्थी"