बारा केबिनींचं पाणी

तळ्याकाठच्या त्या मुक्कामाच्या जागेत वरच्या काकूंना ओळखत नाही असा एकही पाहुणा नव्हता, आणि त्यांची बोलणी न खाल्लेलाही नव्हता. चिखलाचे बूट घेऊन केबिनीत शिरलात, की बोलणी. शेकोटी न विझवता पोहायला गेलात, की बोलणी. पण सकाळी गारठून उठलेल्या माणसाला दाराशी फोडलेल्या लाकडांची मोळी न मागता सापडायची, तीही काकूंनीच ठेवलेली असायची. त्यामुळे बोलणी खाल्लेले लोक पुढच्या वर्षी पुन्हा यायचे आणि गाडीतून उतरल्या उतरल्या आधी काकूंची चौकशी करायचे.

वरच्या काकू हे नाव घरामुळे पडलं होतं. सगळी जागा उतारावर. खाली तळं, तळ्याला लागून एक, दोन, तीन नंबरच्या केबिनी, मग झाडांमधून चढत जाणारी पायवाट आणि तिच्या दोन्ही अंगांना बाकीच्या नऊ. सगळ्यांच्या वर पाण्याची टाकी, आणि टाकीला खेटून काकूंचं दोन खोल्यांचं लाकडी घर. बारा केबिनींच्या दारांवर लाकडी पाट्या होत्या, तापल्या सळईने आकडे कोरलेल्या. काकूंच्या दारावर नुसता एक खिळा होता. त्यावर नळकाका टोपी अडकवायचे.

नळकाका म्हणजे काकूंचे यजमान. बाराही केबिनींचे पाइप त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरले होते, आणि नकाशा काढायचा मात्र आयुष्यभर कंटाळा केला. विचारलं की स्वतःच्या कपाळावर बोट ठेवायचे. ते गेल्यावर नकाशा काकूंच्या डोक्यात उरला, आणि टोपी खिळ्यावर उरली. सहा वर्षं झाली, काकूंनी ती काढली नव्हती. पावसाळी हवेत वास येतो म्हणून फक्त उन्हात धरायच्या आणि परत लावायच्या.

त्या उत्तरेकडच्या मुलखात हिवाळा सहा महिने ठाण मांडतो. तळं गोठतं, रस्ता बर्फाखाली जातो, जमीन हातभर खोल दगड होते. पाइपात पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि पाइप चिरतो. म्हणून शेवटचा पाहुणा गेला की दुसऱ्या दिवशी सगळं पाणी काढून टाकायचं. या कामाला काकांचा एकच नियम होता, आणि तो काकूंना झोपेतून उठवलं तरी म्हणता आला असता. वरून सुरू, खाली शेवट, आणि शेपूट उघडी. म्हणजे आधी वरच्या केबिनी रिकाम्या करायच्या, मग एकेक पायरी खाली यायचं, आणि तळ्याजवळचा शेवटचा कॉक वसंतापर्यंत उघडाच ठेवायचा. प्रत्येक केबिनीत काकू पाइपाला कान लावायच्या. पाणी असलं तर पाइप गप्प असतो, रिकामा झाला की टिचकीला पोकळ आवाज देतो. सगळ्याला दोन दिवस लागायचे, आणि छत्तीस वर्षांत एकही पाइप फुटला नव्हता.

जागेच्या मालकीणबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्या शहरात राहायला गेल्या आणि इथे मॅनेजर नेमला. पोरगा वाईट नव्हता. कामाला वाघ होता, पाहुण्यांशी गोड बोलायचा, पडदे बदलले, गाद्या बदलल्या. पण काखेत कायम टॅब, आणि त्यात जे दिसत नाही ते जगातच नाही अशी त्याची समजूत. त्या हंगामाच्या शेवटी पाणी काढायला त्याने बाहेरून एका कंपनीची माणसं बोलावली. ती पाइपात हवा मारायचं यंत्र घेऊन आली आणि तळ्याकडे निघाली. काकू पदर खोचून मागोमाग गेल्या, म्हणाल्या, वरून सुरू करा, केबिनींचे नंबर बांधल्याच्या क्रमाने आहेत, त्यांचा पाण्याशी काही संबंध नाही.

"काकू, मग नंबर असतात कशासाठी?" मॅनेजर हसून म्हणाला. "एकपासून सुरू करायचं, बारावर संपवायचं. माणसं शिकलेली आहेत, करू द्या त्यांना."

माणसांनी एक, दोन, तीन रिकाम्या केल्या, त्यांचे कॉक घट्ट बंद केले आणि वर चढत गेली. वरच्या केबिनींचं पाणी उतारावरून निवांत खाली आलं आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या पाइपांत जाऊन बसलं. चार तासांत काम आटपलं, मॅनेजरने टॅबवर बारा खुणा केल्या. काकू रात्रभर तळमळल्या, आणि सकाळी तीन नंबरच्या पाइपाला कान लावून पाहायचा म्हणून चावीला हात घातला तर चाव्यांचा जुडगा जागेवर नव्हता. चाव्या आता ऑफिसातल्या आकडे दाबून उघडायच्या कपाटात असणार होत्या. जुडग्याच्या जागी एक कागद होता. देखभालीचं काम कंपनीकडे दिल्यामुळे रखवालदाराचं घर हंगाम सुरू होईपर्यंत रिकामं करावं, त्याची जुन्या धाटणीची खास केबिन करून ती पाहुण्यांना देण्यात येईल.

काकूंनी तो कागद तीनदा वाचला. राग आला म्हणणं कमी होईल. सबंध हिवाळा डोक्यात एकच प्रश्न होता. जायचं कुठे, तर शहरात नणंदेकडे, हॉलमधल्या दिवाणावर, जिथे टीव्ही अकराला बंद होतो आणि खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. नणंद फोनवर म्हणाली, ये गं, इथे नळाला चोवीस तास पाणी आहे. ते ऐकून काकूंनी फोनच ठेवला.

बर्फ वितळलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी बाराही केबिनी भरल्या होत्या, दुपारी तीनला माणसं येणार होती, आणि मालकीणबाई स्वतः बघायला येणार होत्या. सकाळी आठ वाजता मॅनेजरने काकूंच्या घराबाहेरचा मुख्य कॉक उघडला. काकू आत भांडी कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागल्या. तीनशेपर्यंत पोचायच्या आत खालून आरडाओरडा ऐकू आला.

एक, दोन आणि तीन नंबरच्या खालून कारंजी उडत होती. मॅनेजरने धावत येऊन कॉक बंद केला, कंपनीला फोन लावला. कंपनीने गुरुवारी माणूस पाठवतो सांगितलं, आणि त्या दिवशी शनिवार होता. मग तो काकूंच्या दारात येऊन उभा राहिला. बूट पाण्याने भरलेले, टॅब कुठे दिसेना.

"काकू, चुकलो," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं."

काकूंनी हे वाक्य हिवाळाभर मनात घोळवलं होतं, आणि त्याच्या उत्तरादाखल दहा-बारा झणझणीत वाक्यंही तयार ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना. समोर ओलाचिंब पोरगा होता, आणि त्याच्या मागे, खाली, काकांनी पुरलेले पाइप फुटलेले होते. पोरगा राहू दे, पण पाइपांची कीव आली. त्यांनी गुंडाळलेल्या भांड्यांच्या खालून काकांची लोखंडी पेटी ओढून काढली. तिच्यात पान्हे होते, करवत होती, आणि जुन्या कापडात बांधलेल्या, पाइप जोडायच्या कपलिंगा होत्या, प्रत्येक मापाच्या सहा. नणंदेच्या हॉलमध्ये या पेटीचं काय करायचं होतं कुणास ठाऊक, पण ती मागे ठेवायला काकूंचा हात धजावला नव्हता.

"एका बाजूने धरा, साहेब," त्या म्हणाल्या. "जड आहे."

खाली गेल्यावर काकूंनी कुठे खणायचं ते पावलांनी मोजून दाखवलं. एक नंबरच्या पायरीपासून सात पावलं, मग वाकड्या झाडाकडे तोंड करून तीन. मॅनेजरने फावडं मारलं, तिथेच पाइप निघाला, आणि त्यावर बोटभर लांब चीर. तो काकूंकडे बघतच राहिला. काकू तोवर चिखलात गुडघे टेकून बसल्या होत्या. चिरलेला तुकडा करवतीने कापायचा, त्या जागी नवा बसवायचा, दोन्ही टोकांना कपलिंग चढवून पान्ह्याने आवळायची. ऐकायला सोपं, पण पाइप आधी जागचा हलत नाही आणि हलला की जागेवर राहत नाही. काकूंचं वय एकोणसाठ. मनगट साथ देत होतं, कंबर कुरकुरत होती, आणि साहेबांना तुम्ही म्हणायला आता सवड नव्हती.

"अरे, सरळ धर. डोळे मिटून नाही धरायचं, उडालं तर उडालं तोंडावर."

त्याने सरळ धरलं. तोंडावर उडालंही.

एक नंबर साडेदहाला झाला, दोन नंबर बाराला. तीन नंबरने दोन जागी दगा दिला होता, आणि त्यातली एक चीर थेट केबिनीच्या लाकडी जमिनीखाली होती. काकू पोटावर झोपून आत सरपटत गेल्या, फक्त पाय बाहेर राहिले. नेमक्या त्याच वेळी, दीड वाजताच, पहिली गाडी आली. गाडीतून एक आजी उतरल्या, गेली पंधरा वर्षं न चुकता येणाऱ्या. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं, मग त्या दोन पायांकडे पाहून खाली वाकल्या आणि ओळखीच्या बुटांना विचारलं की काकू, आत ओल्या बुटांनी जायची परवानगी कधीपासून दिली? जमिनीखालून काकूंचं हसू ऐकू आलं. हिवाळ्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

अडीच वाजता काकू बाहेर आल्या. केसांत कोळिष्टकं, कोपर खरचटलेलं. मॅनेजरला त्यांनी एक नंबरच्या नळापाशी उभं केलं आणि सांगितलं की आधी नळ खोकेल, मग लाल पाणी येईल, ते बघून घाबरायचं नाही, स्वच्छ आलं की मोठ्याने ओरडायचं. मग त्या पायवाटेने वर निघाल्या. चढताना प्रत्येक केबिनीशी थांबून त्यांनी कॉक पाहिला. वर पोचून मुख्य कॉकला हात घातला तेव्हा छाती धडधडत होती. चढामुळे थोडी, भीतीने जास्त. एखादी चीर नजरेतून सुटली असेल तर आपलीही नाचक्की आणि काकांचीही, असं वाटून गेलं. त्यांनी कॉक पाव फेरा फिरवला, थांबल्या, मग अर्धा, मग पूर्ण. पाइपाला कान लावला. पाणी बारा नंबरला पोचलं, अकराला पोचलं, पुढे पुढे गेलं, आणि आवाज लांब होत होत कळेनासा झाला.

काकू उभ्या राहिल्या. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. मग खालून ओरडणं ऐकू आलं, आधी मॅनेजरचं, त्याच्या मागोमाग आजींचं, आणि तोवर आलेल्या आणखी दोन गाड्यांमधल्या माणसांनी, कशासाठी ते माहीत नसतानाही, टाळ्या वाजवल्या. काकू मटकन पायरीवर बसल्या आणि मनसोक्त रडल्या. बघायला कोणी नव्हतं, म्हणून डोळे पुसायचीही घाई केली नाही.

मालकीणबाई चारला आल्या. ऑफिसात त्यांनी मॅनेजरच्या कपड्यांचा अवतार पाहिला आणि काय झालं ते विचारलं. त्याने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. यंत्र, नंबर, चाव्या, कागद, एकही गोष्ट गाळली नाही. काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या, आणि या पोराबद्दल हिवाळाभर धरलेली अढी त्यांच्या मनातून त्या पाच मिनिटांत गेली. मालकीणबाईंनी काकूंना विचारलं, तुम्हाला काय हवंय ते मोकळेपणाने बोला.

काकूंना घर मागता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण दिवसभर चिखलात बसल्यावर त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी बसलं होतं.

"नंबर बदला," त्या म्हणाल्या. "पाणी ज्या क्रमाने जातं त्या क्रमाने लावा. मी आज आहे, उद्या नसेन. पण एकपासून सुरू करणारा माणूस पुन्हा चुकायला नको."

मॅनेजरने कुठूनतरी टॅब पैदा केला, ओल्या शर्टाला पुसला आणि नवी यादी करायला बसला. टाकीतून पाणी निघाल्यावर पहिला नळ कुठला, असं त्याने विचारलं.

"माझ्या मोरीतला," काकू म्हणाल्या. "तिथून पुढे मुख्य कॉक, मग तुमच्या केबिनी."

मॅनेजरचं बोट टॅबवर थांबलं. त्याने मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"मग तोच एक नंबर," त्या म्हणाल्या. "आणि एक नंबर पाहुण्यांना द्यायचा नाही. तिथे काकू राहतात, असं लिहा. चाव्याही तिथेच राहतील."

पाट्या बदलायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं, वरून. काकांनी कोरलेली एक नंबरची पाटी तळ्याकाठच्या दारावरून उतरवून मॅनेजरने स्वतः उतार चढून वर आणली. काकूंनी खिळ्यावरची टोपी काढली, क्षणभर हातात धरली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. थोडी मोठी झाली, पण बसली. मॅनेजरने खिळ्यावर पाटी अडकवली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

"वाकडी आहे," काकू म्हणाल्या.

त्याने सरळ केली. मग काकूंनी जुडगा कमरेला खोचला आणि त्या खाली निघाल्या, कारण तळ्याकाठी कुणीतरी शेकोटी तशीच जळती ठेवून पोहायला गेलं होतं.