विमानासमोरची सावली

मामंजी, म्हणजे माझे सासरे, हवाई दलात फिटर होते. शेवटची काही वर्षं त्यांचा उडणाऱ्या विमानांशी संबंध उरला नव्हता. मोडीत निघालेली विमानं मैदानाच्या कडेला उभी असत आणि त्यांचे उपयोगाचे भाग मामंजी काढून घेत. विमानं आणि मामंजी साधारण एकाच सुमाराला निवृत्त झाले. विमानं तिथंच राहिली, मामंजी उंब्रजला ऊस लावायला आले.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात चालेना. तेव्हा त्यांनी पेटीतले विमानांचे फोटो बाहेर काढले आणि कुठला कुठं काढलाय ते मागं लिहून ठेवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी शाळेत शिकवत होते, अक्षर बरं होतं. ते म्हणाले, "मी गेल्यावर तुमाला सगळी इमानं सारखीच दिसायची." मला ती तेव्हाही सारखीच दिसत होती.

बरेचसे फोटो सहज उरकले. पाण्याची टाकी दिसली की अंबाला, मागं उंट दिसला की जोधपूर. घोडं अडलं ते एका फोटोशी. चार पंख्यांचं अजस्र विमान, एक चाक काढलेलं, पोटाखाली गवत वाढलेलं. समोर मामंजी, सडपातळ, हात मागं बांधून. टाकी नाही, उंट नाही. मामंजी म्हणाले, कानपूर. मग म्हणाले, आपल्या दोस्ताला विचारलं पाहिजे, कॅमेरा त्याचा होता.

हा दोस्त सांगलीचा. दोघं पंधरा वर्षं बरोबर होते, कानपूरलाही आणि जोधपूरलाही. घरचा हळदीचा व्यापार सांभाळायला तो परत आला होता. मामंजींना एस.टी.त चढवणं हे दोन माणसांचं काम, तरी आम्ही गेलो. दोस्तानं फोटो हातात घेतला, त्यावर पिवळा अंगठा उमटवला आणि जोधपूर म्हणून सांगितलं.

"हा फोटू मीच काढलाय गड्या. ही बघ माझी सावली."

फोटोच्या खालच्या बाजूला, गवतावर, खरंच एक सावली होती. कोपरं बाहेर काढून पोटाशी कॅमेरा धरलेला. डोकं मात्र खाली जरा रुंद आणि वर निमुळतं. दोस्त म्हणाला, ती माकडटोपी, जोधपूरला थंडी लय. मामंजी म्हणाले, थंडी कानपूरलाही असते. दुपारचं जेवण होईपर्यंत दोघं थंडीबद्दल बोलले. परतताना कराड सोडल्यावर मामंजी म्हणाले, "जोधपूर न्हाई ते."

मी पेन्सिलीनं 'कानपूर किंवा जोधपूर' असं लिहून फोटो वेगळा ठेवला. पुढं वर्षभर दोघं एकमेकांना निरोप पाठवत राहिले. सांगलीला जाणारा कुणी भेटला की मामंजी त्याच्याजवळ एकाच शब्दाचा निरोप देत, कानपूर.

एका रविवारी मी ते फोटो ऊन द्यायला ओसरीवर मांडले होते. आत्याबाई, माझ्या सासूबाई, शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य उंब्रजच्या शिवारात गेलं, असं आम्ही सगळेच समजत होतो. त्यांना फोटो दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी तो फोटो उचलला, लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ही मी हाय."

मी म्हटलं, यात मामंजी एकटेच आहेत.

त्यांनी गवतावरच्या सावलीवर बोट ठेवलं. "डुईवर पदर हाय न्हवं."

ती माकडटोपी नव्हती.

मामंजी बाजेवर होते. ते म्हणाले, "तू कवा आलीवतीस तिकडं?"

"आवं, एक हिवाळा व्हते की. इमानं बघायला बायकांना आत सोडलं त्या दिवशी. तुमीच फोटूची पेटी हातात दिली नि म्हणाला, दाब."

गाव कुठलं, हे मात्र त्यांना सांगता येईना. गावाचं नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन रात्री आगगाडीत होते, खोलीला खिडकी नव्हती, शेजारीण मोहरीच्या तेलात भाजी करायची, एवढं आठवत होतं. मग म्हणाल्या, तिथूनच टांग्यानं गंगेला न्हायला गेलो, देव्हाऱ्यातला गडू तिथलाच.

जोधपूरला गंगा नाही. मी पेन्सिलीचं खोडलं आणि शाईनं कानपूर लिहिलं.

वर्षभराचं भांडण मामंजींनी जिंकलं होतं. त्यांनी फोटो डाव्या हातात घेतला. मी आत निघाले तेव्हा त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, "फोटू कुणी काढला त्येबी लिही." मी आत्याबाईंचं नाव लिहिलं. मामंजींनी ते वाचून दाखवायला लावलं, मग पुन्हा एकदा. आत्याबाई तोवर शेंगा घेऊन आत गेल्या होत्या.

सांगलीला निरोप गेला. दोस्ताला तो पटला नाही, म्हणून तो स्वतःच आला. चष्मा पुसून त्यानं सावली पाहिली, मग चहा घेऊन आलेल्या आत्याबाईंकडे पाहिलं.

"वहिनी, फोटू काढताना हात हलला न्हाई तुमचा," तो म्हणाला. "माझा दर खेपंला हलायचा."

आत्याबाई म्हणाल्या, साखर कमी असली तर सांगा. मग पहिल्यांदाच त्या आमच्यात खाली बसल्या आणि उरलेले फोटो एकेक करून बघू लागल्या.