साबूचं झाड

एकादशीच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या दुकानात एक बाई साबुदाणा चिमटीत धरून न्याहाळत होत्या.

"अस्सल आहे ना?"

"वहिनी, पाटीवरचं नाव वाचा की," भाऊ म्हणाला.

पाटीवर नाव माझं आहे. दुकान मी शून्यातून उभं केलं. भांडण झालं तेव्हा त्यानं मला बाहेर काढलं आणि पाटी तेवढी ठेवली.

साबू म्हणजे मूळचा मलय भाषेतला 'सागू'. तिकडे ताडासारखं एक झाड असतं, त्याच्या गाभ्यातलं हे पीठ. व्यापाऱ्यांबरोबर तो शब्द देशोदेशी फिरला. आपल्याकडे मात्र दाणे एका कंदापासून करतात. झाड कुणी पाहिलेलंही नसतं, पण त्याच्या नावावर आपले उपास चालतात. त्या झाडाला कुणी विचारलं असेल का?

बाई गेल्यावर मी अर्धा किलो मागितला आणि मुद्दाम भाव पाडून सांगितला. वाटलं, पूर्वीसारखा उसळेल, "दादा, लुटतोस का मला?" म्हणेल, मग मीही चार शब्द सुनावीन.

"घ्या," तो म्हणाला, आणि पुडी बांधून त्यानं माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.