मेथीवर आलेलं शेजारचं औषध

मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात काचेच्या तुकड्यांवर चांदी चढवते. साध्या डोळ्यांना नुसता धुरकट थर दिसतो, पण त्यात चांदीचे अतिसूक्ष्म सुळके असतात. त्यावर थेंब टाकून लेझरचा झोत सोडला, की विखुरलेल्या प्रकाशावरून थेंबात कोणतं रसायन आहे ते ओळखता येतं. एरवी हा प्रकाश फारच क्षीण. चांदीच्या टोकांपाशी तो कैक पटींनी वाढतो. घरी हे सांगितलं, की सगळे मान डोलावतात आणि जेवायला बसतात.

कोल्हारच्या वहिनीने मात्र नीट ऐकून घेतलं. घरामागे ती घरापुरती मेथी लावते, त्यावर काही फवारत नाही. बांधापलीकडे शेजारच्या काकांची डाळिंबाची बाग.

"त्यांचं औषध वाऱ्यानं माझ्या मेथीवर येतं," ती म्हणाली. "तुमच्या भावाला खरं वाटत न्हाई. वन्सं, तुमच्या काचंवर दिसंल का?"

"बघते," म्हटलं आणि एक जुडी घेऊन आले.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. काच जुनी होती, चांदी काळवंडलेली. नवी काच करून पानं धुतलेल्या पाण्याचा थेंब टाकला, तर पडद्यावर टोकदार रेषा उभ्या राहिल्या. काहीतरी होतं नक्की. पण ते काकांचंच, हे ठरवायला त्यांचं औषध हवं होतं.

"नको, भांडण व्हईल," वहिनी म्हणाली. तरी मी गेले.

काका चहा पीत होते. ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी मी तुमाला इख खाऊ घालतो व्हय?"

"तसं नाही, काका. तुमचं नसेल, तर तेही कळेल."

ते उठले आणि चिमूटभर भुकटी पुडीत बांधून दिली.

बुरशीचं औषध होतं, गंधक असलेलं. ते चांदीला घट्ट धरून बसतं. रेषा तंतोतंत जुळल्या. काकांना फोनवर सांगितलं, तर दोन दिवसांनी ते स्वतःच प्रयोगशाळेत हजर. चष्मा पुसून त्यांनी दोन्ही आलेख पाहिले.

"येकच हाय की." मग चष्मा काढत म्हणाले, "माझी डाळिंबं बी बघशील का गं? नातवंडं झाडाचंच तोडून खात्यात."

सालीवर औषध सापडलं. दाण्यांत माझ्या काचेला तरी काही दिसलं नाही. काका खुर्चीत टेकले. "आता साल धुतल्याबिगर कुनाला तोडू देत न्हाई," म्हणाले.

तेव्हापासून फवारायच्या आधी ते वहिनीला हाक मारतात, वारा पडलेला बघूनच पंप सुरू करतात. त्यानंतरच्या जुडीत काही उमटलं नाही. मी वहिनीला कळवलं, तर तिने आधी माझ्या भावाला हाक मारून फोन त्याच्या कानाला लावला.

आता गावाकडून पेरू येतात, वांगी येतात, एकदा तर कुणी दुधाची बाटली पाठवली. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, ही प्रयोगशाळा आहे की भाजीबाजार? तपासून उरलेले पेरू मग आम्ही चांगले धुऊन, तिखटमीठ लावून खातो.