तुळसाबाईच्या पाटल्या

शिरपूरच्या रंगरावांच्या घरी चोरी झाली ती सन अडतीसच्या चैत्रात. घरचे सगळे मालेगावला सोयऱ्याकडे तेरवीला गेले होते. दुखवट्याला जायचं म्हणून रंगरावांच्या बायकोनं, तुळसाबाईनं, मंगळसूत्राशिवाय एकही दागिना घातला नव्हता. सांजेला परत येऊन पाहतात तर मागची भिंत माणूस शिरेल एवढी फोडलेली आणि कोठीमागची लोखंडी पेटी गायब. पुतळ्यांची माळ, नथ, वाक्या आणि सासूच्या हातच्या जाड पाटल्या, सगळं त्या पेटीत होतं.

तुळसाबाई फोडलेल्या भिंतीपाशी बसून राहिली. शेजारच्या बाया गोळा झाल्या. रंगराव मात्र शांत होते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "रडू नको. इमा हाये आपला."

तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

आदल्या साली कापूस घेऊन अकोल्याला गेले असताना रंगरावांनी चोरीचा विमा उतरवला होता. सोनाराची जुनी चिठ्ठी होती, तीवरून दागिन्यांचं वजन लिहिलं गेलं. पाटल्या कोणी हातात घेऊन पाहिल्या नाहीत. पाहिल्या असत्या तर कळलं असतं, की त्या तांब्याच्या आहेत आणि वरून नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं आहे.

ही गोष्ट गावात एकट्या तुळसाबाईला ठाऊक होती. सहा वर्षांमागं तिची धाकटी बहीण आवडाबाई बाळंतपणात अडली. अकोल्याच्या डॉक्टरनं पोट चिरायला सांगितलं. आवडाच्या नवऱ्याचं आणि रंगरावांचं शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, वाकडं होतं, बोलणं बंद होतं. तुळसाबाईनं नवऱ्यापाशी शब्द टाकून पाहिला. "त्या घराचं नाव माह्यासमोर काढू नको," एवढंच उत्तर मिळालं. मग ती बाजाराच्या निमित्तानं वाशीमला गेली, पाटल्या सोनाराला विकून पैसे बहिणीकडे धाडले आणि तशाच घडणीच्या खोट्या घालून परत आली. आवडा वाचली. तुळसाबाईनं त्यानंतर सहा वर्षं सणावाराला त्या पाटल्या हातात मिरवल्या आणि घरी येताच काढून ठेवल्या.

आता तिचं अन्न तुटलं. ठाण्याचा शिपाई दारात दिसला की ती परसात निघून जायची. चोर सापडला तर खोट्या पाटल्या गावासमोर ठेवल्या जातील. नाही सापडला तर नवरा सोन्याच्या म्हणून पैसे मागेल, आणि ते तिच्यामुळं. चोर सापडू नये असं मनात आलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची. लोक म्हणायचे, बाईनं सोन्याचा लईच ध्यास घेतला.

पंधरा दिवसांनी कंपनीचा तपासनीस आला. जऊळक्याच्या स्टेशनावरून रंगरावांनी त्याला बैलांच्या दमणीतून आणलं. काळा कोट, वहाणा दाराबाहेर काढून बसलेला, मवाळ बोलणारा माणूस. त्यानं फोडलेली भिंत पाहिली, पंचनामा वाचला आणि ओसरीवर बसून एकेक दागिना विचारत लिहून घेतला.

"पाटल्या माह्या मायच्या," रंगराव म्हणाले. "असं सोनं आता पाह्यला भेटत नाई."

तुळसाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती.

"दागिने वापरणाऱ्या बाईंचा अंगठा लागेल," तपासनीस म्हणाला. "वाचून दाखवतो. वर लिहिलेले सर्व दागिने अस्सल सोन्याचे होते, असं मी सत्य सांगते."

तुळसाबाई पदर सावरून पुढं आली. शाईची डबी उघडी होती. तिनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"पाटल्या सोडून लिवा, साहेब."

"काहून?" रंगरावांनी मान वळवली.

"त्या सोन्याच्या नोयत्या." तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "आवडाचं पोट चिरलं, तवा म्या मोडल्या. तुमाले सांगतलं नाई."

तपासनिसानं टाक खाली ठेवला. "अंगठा उठायच्या आधी सांगितलंत, हे बरं केलंत," तो म्हणाला. "पण मला हे सगळं कळवावं लागेल. खोटी माहिती म्हणून कंपनी अख्खा दावाही फेटाळू शकते. ते माझ्या हाती नाही."

रंगरावांनी त्याला दमणीत बसवून दिलं. त्या दिवसापासून त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. ताट वाढलं की जेवत, पाणी दिलं की पीत. तुळसाबाई रोज टपालवाल्याची वाट पाही, आणि तो गल्लीत दिसला की आत जाऊन बसे. सगळं बुडालं तर ते आपल्यापायी, हे तिला ठाऊक होतं. माहेरी निघून जावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण कोणत्या तोंडानं जावं?

मृग लागून गेल्यावर कागद आला. गावच्या मास्तरांनी तो वाचून दाखवला. पाटल्या वगळून बाकी दागिन्यांची भरपाई मंजूर झाली होती. पुढच्या सालासाठी विमा मात्र कंपनीनं नाकारला होता.

मास्तर गेल्यावर रंगरावांनी कागदाची घडी घातली. मग महिन्याभरानं पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"मले काहून नाई सांगतलं?"

"आवडाचं सांगतलं व्हतं. तुमी आयकलं नाई."

ते उठून अंगणात गेले, बैलांपुढं कडबा टाकला आणि परत आले.

"मायच्या पाटल्या व्हत्या त्या," ते म्हणाले.

"व्हय."

"आनखी काई लपवलं हाये?"

"नाई."

"मंग दोन ताटं वाढ," रंगराव म्हणाले. "तूबी जेवून घे. पार वाळून गेली."