कॅलेंडरच्या खाली उभी राहीबाई

आदिलाबादच्या स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला वामनराव निखाड्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत शाळेच्या फॉर्मचे, नोकरीच्या अर्जाचे, नव्या नवरानवरीचे फोटो निघत आणि त्यावर घर चाले. पण वामनरावांचा जीव त्या खोलीत कधी रमला नाही. रविवार उजाडला की दोन भिंगांचा कॅमेरा गळ्यात अडकवून ते पहिल्या बसने निघत. कधी कुंतल्याचा धबधबा, कधी उटनूरच्या वाटेवरचं सागाचं रान, तर कधी उन्हाळ्यात वाळूतून वाट काढत जाणारी पैनगंगा. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या त्या दिवसांत नुसत्या डोंगराचा फोटो काढायला कुणी बसचं तिकीट काढतं, हेच लोकांना नवल वाटे.

त्यांचा एकच हट्ट होता. फोटोत माणूस नको. माणूस आला की बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळते आणि डोंगर मागे राहतो, असं ते म्हणत. त्यामुळे गुराखी असो, पाण्याला निघालेल्या बाया असोत, वामनराव कॅमेऱ्यात मान घालून हात हलवत, "जरा बाजूला व्हा." मराठीत सांगून भागलं नाही तर तेलुगूत, नाहीतर हिंदीत. बाजारात त्यांना 'बाजूला व्हा मास्तर' असंच नाव पडलं होतं.

सासुरवाडी वडझरीची, पैनगंगेच्या काठची. दिवाळीनंतर कापूस फुटला की वामनराव हमखास तिथे जात. सासू राहीबाई वेचलेला कापूस भरायची ओटी कमरेला बांधून वावरात वेचत असे. उन्हाने रापलेली, काटक बाई. बोलायला फटकळ.

"आले का जवाईबापू? लेकीले आनलं नाई, डबडं तेवढं आनलं!"

"मामी, जरा बाजूला व्हा. ऊन उतरून राह्यलं."

"माह्याच वावरातून मलेच हाकला!" असं म्हणत ती हसत हसत धुऱ्यावर, वावराच्या बांधावर येऊन उभी राही.

तिचा फोटो काढायचं मात्र राहून जात होतं. एकदा दवाखान्यासाठी ती आदिलाबादला आली, तेव्हा मुलगी वच्छलाबाईंनी तिला बळेच स्टुडिओत बसवलं. मागे निर्मल गावच्या रंगाऱ्याने रंगवलेला पडदा होता. निळं तळं, हंस, पलीकडे बंगला. राहीबाईने मान वळवून पडदा न्याहाळला आणि ती उठलीच.

"हे तळं कोनत्या गावचं? ज्या गावचं पानी पेली नाई तेथी मी काऊन बसू? काढाचा तं माह्या वावरात काढा. कापूस फुटल्यावर. अन् रंगीत काढा."

वामनरावांना हे मनापासून पटलं. पण रंगीत रोल तेव्हा जपून वापरायची चीज होती. तो धुवायला हैदराबादला जाई आणि पंधरा दिवसांनी परत येई. एका वर्षी रोल कुंतल्याला संपला. दुसऱ्या वर्षी आभाळ भरून आलं. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "आज उजेड बरोबर नाही मामी, पुढच्या खेपेला काढू." राहीबाईने ओटी झटकली आणि म्हणाली, "उजेडाचं तुमचं तुमी पाहा. मी हायेच इथी."

त्याच वावराचा एक काळापांढरा फोटो मात्र गाजला. खाली पांढराशुभ्र कापूस, मागे धूसर डोंगरांची रांग. एका कापूस व्यापाऱ्याने तो सत्त्याऐंशी सालच्या कॅलेंडरवर छापला. वडझरीत घरोघर ते कॅलेंडर लागलं, राहीबाईच्या घरीही. साल सरलं तरी तिने ते उतरवलं नाही. आल्यागेल्याला ती चित्राखालच्या तारखांवर बोट ठेवून सांगे, "मी इथी हाये. चित्राखाली, तारखांत दबून गेली." लोक हसत. वामनरावही हसत.

एक्क्याण्णवच्या पोळ्यानंतर चार दिवसांच्या तापाने राहीबाई गेली.

तेरवीचं बोलणं निघालं तेव्हा ओसरीत सारे बसले होते. मेहुणे भगवानराव म्हणाले, "मांडाले आईचा फोटो पाह्यजे." मग चुलत सासरे लक्ष्मणराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वा रे वा! जवाई फोटोवाला, साऱ्या जिल्ह्यातले दगडधोंडे काढले, अन् सासूचा एक फोटो नाई?"

वामनरावांनी मान खाली घातली. संध्याकाळच्या बसने दोघं घरी परतले. दुसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवताना वच्छलाबाई म्हणाल्या, "तिचं तोंड आठवते मले. पन किती दिवस आठवंन?"

वामनरावांनी स्टुडिओ बंद ठेवला. बिस्किटांच्या डब्यांत भरलेल्या निगेटिव्हा काढून एकेक उजेडाला धरली. नदी, रान, कडे, पाऊलवाटा. कुठेही माणूस नाही. आपण इतकी वर्षं किती निगुतीने माणसं बाजूला सारली, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोंतही सासू सापडली नाही. ती तेव्हा चुलीपाशी होती.

तेरवीला तीन दिवस उरले असताना भगवानरावांची बायको आशाबाई बाजाराच्या निमित्ताने आली. बोलता बोलता म्हणाली, "कालच ते कॅलेंडर उतरवलं. मामी म्हने, मी तारखाईखाली हाये. रडूच आलं मले."

वामनराव ऐकता ऐकता उठले. एक गोष्ट ते पार विसरले होते. कॅलेंडरसाठी छाप काढताना त्यांनी फोटोची खालची पट्टी सोडून दिली होती. तिथे काहीतरी काळं पडलं होतं.

त्यांनी दाराला घोंगडी लावली, लाल दिवा पेटवला आणि पूर्ण निगेटिव्ह मोठी करून छापली. ट्रेमधल्या रसायनात कागद हलवत राहिले. आधी डोंगर उमटले, मग कापूस. आणि अगदी खालून, पांढऱ्या बोंडांवर पसरत, एक लांब सावली वर आली. डोक्यावर पदर, कमरेला फुगलेली ओटी, एक हात कमरेवर. फोटो काढताना ऊन वामनरावांच्या पाठीशी होतं. मामी सांगितल्याप्रमाणे बाजूला झाली होती, पण त्यांच्याच मागे धुऱ्यावर उभी होती.

ओला कागद तसाच घेऊन ते बाहेर आले. वच्छलाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आई हाय," त्या म्हणाल्या. "घरी याले उशीर केला की अशीच उभी राहे." आणि तेराव्याआधीच्या त्या दिवसांत पहिल्यांदा त्या मोकळं रडल्या.

तेरवीला फोटो मांडला तेव्हा भगवानराव गोंधळले. "दाजी, तोंड तं दिसत नाई. सावलीले हार कसा घालाचा?"

"हार नको," वच्छलाबाई म्हणाल्या. "वावरात उभी हाय ते. काम करून राह्यली."

लक्ष्मणराव काहीतरी बोलायला गेले. पण फोटोजवळ वाकले, कमरेवरचा तो हात बराच वेळ बघत राहिले आणि नुसतंच म्हणाले, "वयनीच हाय."

त्या वर्षी कापूस फुटला तेव्हा वामनराव वच्छलाबाईंना घेऊन वडझरीला गेले. कॅमेऱ्यात नवा रंगीत रोल होता. आभाळ मळभलेलं, ऊन कुठेच नव्हतं. सवयीने वच्छलाबाई धुऱ्याकडे सरकू लागल्या.

"तिकडं नको," वामनराव म्हणाले. "मधात उभी राह्य."

"अन् उजेड?"

"असू दे कसाबी," ते म्हणाले आणि कॅमेऱ्यात मान घातली.